भाऊजींचे हिरवे पाहुणे

अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात पाहुण्यांची बडदास्त माझ्या भाऊजींइतकी कोणी ठेवत नसेल. फक्त त्यांचे पाहुणे म्हणजे बुरशी. कृषी केंद्रातून पिकाच्या रोगाला मारणाऱ्या मित्रबुरशीची पुडी आणायची, गूळपाण्यासोबत कुजलेल्या शेणखतात कालवायची, वर ओलं पोतं पांघरून पडवीत सावलीला ठेवायची आणि ती हिरवा रंग धरेपर्यंत तिच्याजवळ कोणी मोठ्याने बोलायचंही नाही, असा केशोरीतल्या त्या घराचा नियम. मी फ्रिजमधल्या डब्यांवर तारखा लिहून ठेवणारी बाई. लोणच्यावर बुरशी दिसली की बरणी घराबाहेर. भाऊजींची बायको, म्हणजे माझी थोरली बहीणही तशीच. "लोकं पाव्हन्याले खाट देतेत, यायनं खाट काढून बुरशीले जागा देली!" असं ती कपाळाला हात लावून सांगे.

ही बुरशी नीट वाढली की खोबऱ्यासारखा वास येतो, हे कळल्यापासून भाऊजींचं नाक ताळ्यावर राहिलं नाही. एका लग्नात ते पंगतीतून हुंगत उठले आणि वास काढत थेट नवरदेवाच्या मामाच्या डोक्यापर्यंत पोचले. खोबरेल तेल होतं. "भाऊजी, गुमान जेवा ना," मी दटावलं. "तुले काय समजते, साळीबाई? तुया फिनाईलच्या घरात मच्छरबी टिकत नाही."

पण मागच्या पावसाळ्यात हसण्यावारी न्यायची सोय राहिली नाही. त्याआधीच्या वर्षी मर रोगाने मिरचीची सगळी रोपं आडवी केली होती. ताईच्या सासूबाईंनी जन्मभर राखलेल्या मिरचीचं बी बाटलीच्या तळाशी मूठभर उरलं होतं, आणि सासूबाई आता नव्हत्या. भाऊजींनी तेवढंही बी मित्रबुरशी चोळून गादीवाफ्यावर पेरलं. मग पावसाची झड लागली. शेजाऱ्याच्या वाफ्यातली रोपं बुडाशी कुजून माना टाकू लागली. मी नेमकी तिथेच होते. ताईने निळ्या औषधाचा पंप पाठीवर चढवला आणि भाऊजी छत्रीसकट वाफ्याला आडवे झाले.

"सरका जी! आईचं बी हाय ते. पुन्हा कोठून आनान?"

"म्हनूनच त! त्या औषधानं रोगाची बुरशी मरन, अन् आपलीबी मरन. घरी बलावून पाव्हन्याले जहर पाजतेस का वो?"

"अन् रोपं मेली त काय तुमचे पाव्हने कुटून खाऊ?"

मी खाली बसले आणि वाफ्यातलं एक रोप अलगद उपटलं. बूड टणक, मुळं पांढरीशुभ्र. मातीला खोबऱ्याचा वास. "ताई, पंप उतरव," मी म्हटलं.

झड सरेपर्यंत ती भाऊजींशी बोलली नाही. ऊन पडलं तेव्हा वाफाभर रोपं ताठ उभी होती! भाऊजी निवडून आल्यासारखे गावभर फिरले. रोपं मागायला पहिला आला तो शेजारीच. "रोपं नेजो, पन पाव्हनेबी संगं नेजो," म्हणत भाऊजींनी त्याच्या डोक्यावर हिरव्या शेणखताची टोपली दिली. हिवाळ्यात साऱ्या आळीच्या अंगणात सासूबाईंची मिरची वाळत होती.

यंदा मी गेले तेव्हा ताईने पडवी स्वच्छ झाडली होती, खाट बाहेर उभी केली होती, पोतं धुऊन ठेवलं होतं. सासूबाईंची बाटली गळ्यापर्यंत बियांनी भरली होती. ती ताईने पदराने पुसली. फळीवर ठेवता ठेवता आतल्या भाऊजींना तिने हळूच विचारलं, "पाव्हने कवा येऊन राहिले जी?"