चौदा माणसांची सोलो

विमान लेट असलं की वैमानिक काय करतात, असं मला पुष्कळ जण विचारतात. चहा पितात आणि आपापल्या पहिल्या सोलोची गोष्ट सांगतात. सोलो म्हणजे शिकवणारा खाली उतरतो आणि शिकणारा पहिल्यांदाच एकटा विमान घेऊन वर जातो, ते उड्डाण. ऐंशीच्या दशकात आमच्या क्रूच्या खोलीत मी अशा गोष्टी इतक्या ऐकल्या की शेवटी कुणाची कुठली हेही लक्षात राहीना. शेजारची सीट रिकामी, विमान पिसासारखं हलकं. मग वर गेल्यावर कुणी मोठ्याने गाणं म्हटलेलं असायचं, कुणाला रडू फुटलेलं असायचं. एक वयस्कर कॅप्टन तर दरवेळी वेगळं गाणं सांगायचे.

माझी पाळी आली की मी म्हणायचो, "माझ्या सोलोला चौदा माणसं आली होती."

"बघायला?"

"नाही. मी एकट्याने जाऊ नये म्हणून."

लोक हसायचे आणि मी थाप मारतोय असं समजून चहा मागवायचे. पण ते खरंच तसं घडलं होतं.

आम्ही वसईकडच्या नंदाखालचे. घराच्या मागे केळीची वाडी, कडेने नारळ, पुढे आणखी वाड्या. बाबा शाळेत शिक्षक होते. वाडी बघायचा तो मामा, आईचा मोठा भाऊ. त्याचं घर आमच्या घराला लागून होतं आणि माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी तोच माझा धर्मपिता होता. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कॉलेज झाल्यावर मी मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकत होतो. घरात त्याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. पोरगा सकाळी जातो, संध्याकाळी येतो, जेवतो. बँकेतली मुलंही तेच करत होती.

एका रविवारी जेवताना मी सहज म्हणालो, "पुढच्या आठवड्यात बहुतेक माझी सोलो होईल."

सोलो म्हणजे काय ते मी सांगितलं. मामाचा घास हातातच राहिला.

"आणि तो शिकवणारा कुठे असतो?"

"खाली, जमिनीवर."

"का?"

"मला एकट्याला चालवता येतं की नाही ते कळावं म्हणून."

"आणि नाही आलं, तर त्याला कळून काय उपयोग?"

बाबा म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे." शिक्षक असल्यामुळे त्यांना चांगला प्रश्न विचारणाऱ्याचं कौतुक असायचं, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

मामा ताटावरून उठला. "तुला हातात घेऊन मी फादरांपुढे शब्द दिलाय. या पोराला एकटं सोडणार नाही म्हणून. तेव्हा विमानाचं काही वगळलं नव्हतं."

आईने मधला मार्ग काढला. ती फादरांकडे गेली आणि रविवारच्या मिस्सात, म्हणजे सामुदायिक उपासनेत, माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगून आली. फादर नवे होते, तरुण होते, आणि घाईत होते. रविवारी आमच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) मी चौथ्या बाकावर बसलो असताना त्यांनी गंभीर आवाजात सांगितलं, "आपल्या गावातला एक तरुण येत्या आठवड्यात एकटाच वर जाणार आहे. त्याच्यासाठी आणि त्याच्या कुटुंबीयांसाठी आपण प्रार्थना करू या."

मग त्यांनी माझं नाव घेतलं.

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. मिस्सा संपल्यावर बायकांनी आईचे हात हातात घेतले. आमच्या आळीतली एक म्हातारी मावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, माझी हनुवटी वर केली आणि हळूच विचारलं, "किती दिवस म्हणाले डॉक्टर?"

संध्याकाळपर्यंत घरी माणसांची रीघ लागली. लोक येत होते, बसत होते, माझ्याकडे बघून मान हलवत होते. बाबांनी शेवटी पाटी काढली, तिच्यावर धावपट्टी काढली, विमान काढलं, विमानात मला काढलं, आणि आलेल्या प्रत्येकाला समजावून सांगितलं. निम्म्यांना पटलं. उरलेल्यांना वाटलं की मास्तरांना धक्का बसलाय. म्हातारी मावशी जाताना माझ्या हातात सुकेळ्यांचा, उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, डबा देऊन गेली. "वाटेत खा," एवढंच म्हणाली.

यानंतर मी ताबडतोब एकट्याने उडायला हवं होतं. पण नाही जमलं. वर मी ठीक असायचो, घोळ व्हायचा तो उतरताना. आमचे शिकवणारे साहेब फौजेतून निवृत्त झालेले, अंगाने चांगलेच भरलेले गृहस्थ होते. ते दर खेपेला डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "तू विमान उतरवत नाहीस. टाकतोस." सोलो कधी द्यायची हे सर्वस्वी त्यांच्या मनावर होतं, आणि त्यांच्या मनात ती नव्हती.

दुसऱ्या रविवारी पुन्हा प्रार्थना झाली. तिसऱ्या रविवारी फादर म्हणाले, "तो तरुण अजून गेलेला नाही." त्यांच्या आवाजात थोडी नाराजी होती, किंवा मला तशी वाटली. गावात मला तोंड दाखवायची चोरी झाली. आगाशीच्या बाजारात भेटणारे लोकसुद्धा विचारायचे, "अरे, तू अजून इथेच?" सगळ्यांनी आपल्याकडून निरोप दिलेला होता आणि मी मात्र जायचं नाव घेत नव्हतो. म्हातारी मावशी एक दिवस दारात येऊन म्हणाली, "सुकेळी खाल्लीस ना? मग डबा दे परत."

चौथ्या आठवड्यात मामाने कुणालाही न सांगता एक निर्णय घेतला. कुणालाही म्हणजे मला.

त्या दिवशी सकाळी मी साहेबांबरोबर विमानात होतो. दोन सीटचं, कापडी पंखांचं ते लहानसं विमान. दोनदा आदळून झालं होतं. तिसऱ्यांदा वळसा घेताना खाली बघितलं तर हँगरच्या बाजूला एक टेम्पो उभा होता. आमच्या वाडीतली केळी वाहणारा टेम्पो मी आकाशातूनही ओळखला. त्याच्या बाजूला माणसांची ओळ होती आणि त्या ओळीत आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका नेसतात तशी लाल चौकड्यांची दोन लुगडी होती. विमान मी असं उतरवलं की साहेबांची टोपी मागे जाऊन पडली.

"ते कोण लोक आहेत?" टोपी शोधत साहेबांनी विचारलं.

"सर, माझे आहेत."

"सगळे?"

टेम्पोवाला धरून चौदा जण होते. मामा, मामी, आई, रजा टाकलेले बाबा, म्हातारी मावशी, तिला धरायला तिची सून, आणि बाकीचे देवळात गाणारे. एवढी माणसं आत कशी आली हा प्रश्न मला पुढे कित्येक वर्षं पडला होता. मामाने नंतर सांगितलं की पहारेकऱ्याला टेम्पो बघून वाटलं, कॅन्टीनची केळी आली. मामाने खरंच दोन घड कॅन्टीनला देऊन टाकले, म्हणजे त्या बिचाऱ्याचा समज खोटा पडायला नको.

मामा सरळ साहेबांपुढे आला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, मी पोराचा धर्मपिता. एक विनंती आहे. शेजारची सीट रिकामी असताना तुम्ही पोराला एकटं का पाठवता?"

साहेबांना मराठी चांगलं येत होतं. ते म्हणाले, "एकटा गेला नाही, तर तो कधीच पायलट होणार नाही."

"मग मी बसतो. बोलणार नाही, कशाला हात लावणार नाही."

"तुम्ही बसलात तर ती सोलो होत नाही."

"कुणाला सांगायचं नाही."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं की शिकलेला माणूस मदतीला येईल. बाबा म्हणाले, "मी वजनाने हलका आहे. मीही बसू शकतो."

मागे गाणाऱ्यांपैकी कुणीतरी सुचवलं की सीट रिकामी ठेवायचीच असेल, तर निदान देवळातली छोटी मूर्ती तिथे बांधावी. मूर्ती टेम्पोत होती. आणली होती.

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा मामाकडे पाहिलं, एकदा हँगरसमोर पिशव्यांतून भाकऱ्या काढून सावलीत बसलेल्या बायकांकडे पाहिलं. आपण हो म्हणेपर्यंत ही मंडळी इथून हलणार नाहीत, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. ते माझ्याकडे वळले.

"विमानात बस. एक चक्कर मार, उतर, आणि यांना घरी घेऊन जा."

"सर, म्हणजे सोलो?"

"तिचं नावही काढू नकोस. जा."

तर माझी सोलो अशी मिळाली. मी तयार झालो होतो म्हणून नाही, साहेबांची सहनशक्ती संपली म्हणून. त्यांनी स्वतःच्या हाताने रिकाम्या सीटचा पट्टा आवळून बांधला, तो विमान चालवायच्या कांडीत अडकू नये म्हणून. दरवाजा लावला आणि पाठ फिरवली.

वर गेल्यावरचं सगळे सांगतात ते मात्र खरं आहे. साहेबांच्या वजनाची सवय झालेलं ते विमान अर्ध्या धावपट्टीवरच उचललं गेलं. डावीकडे समुद्र, उत्तरेला पार लांब एक धुरकट हिरवी रेघ. तिकडे आमच्या वाड्या असतील असं मी धरून चाललो. मी गायलो नाही, रडलो नाही. मला इतकंच जाणवलं की गेल्या चार आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे कुणी बघत नाहीये, कुणी काही विचारत नाहीये. फार शांत वाटलं. उतरूच नये असं वाटलं.

खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मामाने सगळ्यांना गुडघ्यावर बसवून रोझरी सुरू केली होती. दोन मेकॅनिक आणि आगीच्या बंबावरचा माणूसही टोप्या काढून उभे राहिले होते. साहेब एकटेच लांब उभे होते, पण त्यांचेही ओठ हलत होते, असं मामी शपथेवर सांगायची. माझा अंदाज आहे की ते शिव्या देत होते.

मी उतरलो. विमान जमिनीला लागलं, उसळलं, पुन्हा लागलं, पुन्हा उसळलं आणि तिसऱ्यांदा टेकलं. प्रत्येक उसळीला चौदा माणसं गुडघ्यांवरून उठली आणि परत बसली. मामा पुढे जन्मभर सांगत राहिला, "इतर पोरं एकदा उतरवतात. आमच्या पोराने एका फेरीत तीनदा उतरवलं."

साहेबांनी माझ्या वहीत सही केली आणि फक्त म्हणाले, "तुझी माणसं."

मी विमानातून बाहेर पडलो तेवढ्यात क्लबातली मुलं बादली घेऊन धावत आली. पहिली सोलो झाली की अंगावर पाणी ओतायची तिथे पद्धत होती. मामाला ती माहीत नव्हती. त्याने पोरांना माझ्याकडे पळत येताना पाहिलं आणि तोही पळाला. पाणी पडलं तेव्हा त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, म्हणून आम्ही दोघेही नखशिखांत भिजलो. मी घाईघाईने त्याला सांगितलं की हा मान आहे, वैमानिकाचा बाप्तिस्माच समज.

मामाने डोळ्यांवरचं पाणी पुसलं. "मग मला आधी सांगायचं. कोट घालून आलो असतो."

घोडबंदरच्या पुलावरून टेम्पो परत येताना मंडळी देवळातली गाणी म्हणत होती आणि मी ओल्या कपड्यांत केळीच्या पानांवर बसलो होतो. त्या रविवारी फादरांनी जाहीर केलं की तो तरुण एकटा वर गेला आणि परत आला. आमच्या देवळात असली सूचना पहिल्यांदाच झाली होती. म्हातारी मावशी त्यानंतर माझ्याशी थोडं अंतर ठेवून वागायची.

पुढे परवाने मिळाले, नोकरी लागली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी मोठ्या विमानाचा कॅप्टन झालो. मामा तोवर एकदाही विमानात बसला नव्हता. मी खूप मागे लागल्यावर तो गोव्याला यायला तयार झाला. जुनी देवळं बघायची त्याची इच्छा होती. या खेपेला त्याने कोट घातला होता. प्रवासी बसायच्या आधी मी त्याला कॉकपिट दाखवायला आत नेलं. त्याने घड्याळं पाहिली, दिवे पाहिले, कौतुकाने मान हलवली. मग त्याची नजर उजव्या सीटवर बसलेल्या तरुण मुलाकडे गेली.

"हा कोण?"

"को-पायलट. माझ्या सोबतीला असतो."

"नेहमी?"

"नेहमी. नियमच आहे तसा."

मामाने त्या मुलाला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्या जवळ येऊन, त्या मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने कुजबुजला, "एवढी वर्षं झाली, तरी तुला अजून एकटं सोडत नाहीत?"

मी समजावलं. तो "बरं, बरं" म्हणाला आणि जाऊन आपल्या सीटवर बसला. विमान मी त्या दिवशी लोण्यासारखं उतरवलं. पण येताना मामाने परतीचं तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि तो एसटीने वसईला आला. आईने कारण विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की एसटीचा ड्रायव्हर एवढा घाट एकटा चालवतो, त्याच्या शेजारी कुणाला बसवावं लागत नाही.

गावात त्याने ही गोष्ट फुटू दिली नाही. कुणी माझी चौकशी केली तर तो म्हणायचा, "चांगलं चाललंय, शिकतोय अजून." मी सुट्टीवर आलो की वाडीत चालता चालता हळूच विचारायचा, तो उजवीकडचा मुलगा अजून येतो का. मी हो म्हणायचो. मग तो माझ्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, की घाई नाही.