पाळकसाहेबांची खुर्ची

गोजराबाईच्या घरात एक खुर्ची होती, तिच्यावर कुणी बसायचं नाही. साधीच, प्लास्टिकची. पण तिच्यावर धुतलेला पांढरा टॉवेल टाकलेला असायचा आणि ती फक्त पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या चर्चच्या पाद्र्यांची. मुलगी मनस्वी कधी दमून आली आणि चुकून टेकली तरी गोजराबाई तिला उठवायची.

ही बाई मूळची जालन्याकडची. नवरा वारल्यावर मनस्वीला घेऊन दिघ्याला आली, पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांच्या झाकणांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. आमची चर्चची मंडळी एका वेल्डिंगच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. उपासनेनंतर पाळकसाहेबांचं जेवण पाळीपाळीने एकेका घरी असतं. गोजराबाईची पाळी असली की आदल्या दिवसापासून तिची लगबग. पहिलं ताट साहेबांचं. ते जेवत असताना ती पदर सावरून दाराशी उभी राहायची, समोर बसायची नाही. मनस्वी म्हणायची, "साहेबांचा मान मोठा हाय गं आई, पण एकदा तरी लेगपीस माझ्या वाट्याला येऊ दे." गोजराबाईला हे हसण्यावारी न्यायला जमायचं नाही. देवाच्या सेवकाचा मान म्हणजे तिला देवाचाच मान.

आढाव पाळकसाहेब अबोल माणूस. उपदेश छोटा करायचे, घरभेटीला मात्र कुणालाही चुकवायचे नाहीत.

एका संध्याकाळी गोजराबाई कंपनीतून शेअर रिक्षाने परत येत होती. रस्त्याच्या कडेला एक बार आहे. त्याच्या दारातून आढाव साहेब बाहेर पडताना तिने पाहिले. शर्ट चुरगळलेला, केस विस्कटलेले. रिक्षा पुढे निघून गेली. घरी येऊन ती जेवली नाही. मनस्वीने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

तिने हे कुणाच्या कानात सांगितलं नाही. कुजबुज करणाऱ्या बायांचा तिला तिटकाराच होता. पण बुधवारी बायांची घरसभा होती. गीत झालं, मग प्रार्थनेचे विषय मागितले. कुणी मुलाच्या नोकरीसाठी सांगितलं, कुणी गुडघ्यासाठी. गोजराबाईने डोळे मिटूनच सांगितलं, "आपल्या पाळकसाहेबांसाठी प्रार्थना करा. दारूच्या बंधनातून प्रभू त्यांना सोडवो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मनावर फार ओझं हाय."

 मग सगळ्या बाया गुडघ्यांवर आल्या आणि मोठ्याने प्रार्थना सुरू झाली. गोजराबाई रडत होती, आणि ते रडणं खरं होतं. आपण त्यांची निंदा केली असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आपण तर देवापुढे ठेवलं, एवढंच तिला वाटलं.

त्या रविवारी निम्म्या घरांना ती गोष्ट माहीत होती. पंच कमिटीने साहेबांना बोलावून विचारलं. ते म्हणाले, हो, मी तिथे गेलो होतो, प्यायलो नाही. कशाला गेला होता, यावर गप्प. तीन-चारदा विचारलं तरी गप्पच. मग कमिटीत त्यांची बदली मागायचं बोलणं सुरू झालं. जेवणाच्या पाळ्या आपोआप बंद पडल्या. कुणाकडे पाहुणे, कुणाची तब्येत बरी नाही. साहेब डबा मागवून एकटेच हॉलमध्ये जेवायला लागले.

मग एका दुपारी नमिता गोजराबाईच्या दारात आली. नमिताचा नवरा मानसिंग मंडळीत गिटार वाजवतो. आत येऊन तिने दार लोटून घेतलं.

"मावशी, साहेब ह्यांना आणायला गेले होते. मीच फोन केला होता. ह्यांनी आतमध्ये भांडण काढलं होतं. साहेबांनी उचलून मागच्या दाराने रिक्षात घातलं, आणि बिल द्यायला परत पुढून गेले."

गोजराबाई म्हणाली, "अगं, तू त्या बुधवारी घरसभेत होतीस. बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमी डोळे मिटून रडत होता. मी आमेन म्हटलं." मग ती म्हणाली, "साहेबांनी घरी येऊन वचन दिलंय, कुणाला सांगणार नाही म्हणून. तुमी पण सांगू नका. सासूला कळलं तर मला माहेरी धाडतील."

नमिता गेली. गोजराबाई त्या टॉवेल टाकलेल्या खुर्चीकडे बघत बसून राहिली. तिच्या मनात आलं, इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसले नाही मी, मान राखला म्हणायचे. पण एकदा समोर बसून विचारलं असतं, साहेब, तुम्ही तिथं कसे, तर एवढाच मान पुरला असता.

आणि आता तोंड उघडायचीही सोय नव्हती. खरं सांगावं तर नमिताचं घर उघडं पडतं, आणि ज्यासाठी साहेब सगळं सोसत होते तेच मोडतं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर मोडण्याआधी, साक्षीच्या वेळेला, जेव्हा कुणीही उठून सगळ्यांपुढे आपलं सांगू शकतं, ती उभी राहिली. 

"मी पाळकसाहेबांबद्दल जे बोलले ते चूक होतं. ते प्यायले नव्हते. मी त्यांना न विचारता त्यांचं नाव प्रार्थनेत घेतलं. ती प्रार्थना नव्हती."

कमिटीतल्या एकाने बसल्या जागेवरून विचारलं, मग ते प्यायलेच नव्हते का? तुम्हाला आता कुणी सांगितलं?

नमिता खाली मान घालून बसली होती. गोजराबाईने तिकडे पाहिलं नाही. "कुणी नाही सांगितलं," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

मागे कुणीतरी हसलं. बदलीचं बोलणं मात्र थांबलं. पाहणारीच शब्द फिरवते म्हटल्यावर कमिटी तरी काय करणार. पण बायांमध्ये तिचं नाव खोटारडी पडलं. घरसभेत आता विषय मागताना तिच्याकडे कुणी बघत नाही. साहेबांना जेवायला बोलवायला अजून बरीच घरं बिचकतात.

उपासना संपल्यावर साहेब दाराशी उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात. त्या दिवशी गोजराबाई त्यांना टाळून जिन्याकडे सरकली. त्यांनी हाक मारली. "गोजराबाई, आज पाळी तुमची आहे."

घरी काहीच केलेलं नव्हतं. वांग्याची भाजी आणि सकाळच्या भाकरी होत्या. साहेब खुर्चीवर बसले नाहीत, मनस्वीच्या शेजारी खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, तुम्हीही बसा. ती बसली. पण वाढताना तिची नजर ताटाच्या वर गेली नाही. त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली, तीही तिने खाली बघतच दिली.