फोन लिंटाने करायचा

सोसम्मा आमच्या मिशन हॉस्पिटलातल्या सर्जिकल वॉर्डच्या मुख्य सिस्टर. स्वच्छतेवाल्या बाईपासून बिशपांपर्यंत सगळे त्यांना चेची म्हणतात, म्हणजे थोरली ताई. कॉलेजातून नुकत्याच पास झालेल्या मुली आधी त्यांच्याच हाताखाली येतात. मुली हुशार असतात, सलाइन बिनचूक लावतात. फक्त डॉक्टरांना फोन करायचा म्हटलं की त्यांची जीभ टाळूला चिकटते.

त्यातून डॉ. पोथन. ते उत्तम सर्जन आहेत आणि हे त्यांना कुणी सांगायची गरज कधी पडलेली नाही. फोनवर ते फक्त "हं" म्हणतात. त्या "हं"पुढे मुली आधी माफी मागतात, मग स्वतःचं नाव सांगतात, मग पुन्हा माफी मागतात. पेशंटचं नाव येईपर्यंत फोन बंद झालेला असतो.

यावर चेचींचा इलाज साधा होता. चादरींच्या खोलीत मुलीला उभं करायचं, आपण तिच्याकडे पाठ करून बसायचं आणि डॉ. पोथन व्हायचं. आवाज हुबेहूब. एकदा खुद्द डॉक्टरच दारावरून चालले होते. ते थांबले, सगळं ऐकून घेतलं आणि "मी इतकं खाकरत नाही" असं सांगून पुढे गेले. त्यानंतर खाकरणं बरंच कमी झालं. डॉक्टरांचं, चेचींचं नाही.

यंदाची लिंटा मात्र चेचींच्या "हं"लाही रडायची. एका पेशंटला चढलेला ताप तिने फोनवर कळवलाच नाही, राउंडपर्यंत तसाच ठेवला. त्यावर डॉक्टर जे बोलले ते अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. दुपारी ती चेचींना म्हणाली, मी घरी जाते, अम्माबरोबर शिवणकाम करीन. चेचींनी आपल्या डब्यातला उकडलेला कप्पा कंद आणि माशाचा रस्सा तिच्यापुढे सरकवला. कापड कमी पडतंय हे गिऱ्हाइकालाही तोंडाने सांगावंच लागतं, एवढंच त्या म्हणाल्या; आणि हा आठवडा काढ.

त्याच आठवड्यात कार्त्यायनी अम्माचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. दुपारी ती कुरकुरायला लागली, ब्लाउजचा गळा घट्ट होतोय, जरा सोडा. लेकीने उशी नीट केली. पण अंगात ब्लाउज नव्हताच, हॉस्पिटलचा सैल झगा होता, आणि हे लिंटाच्या ध्यानात आलं. तिने पाहिलं तर मान फुगलेली, आवाज बसलेला. आत रक्त साचून श्वासनळी दाबली जात होती. ती धावत चेचींकडे गेली.

चेचींनी ऑक्सिजन लावला, श्वास अडलाच तर गळ्याचे टाके तिथेच उघडायला कात्री घेतली आणि खाटेपाशी उभ्या राहिल्या.

"चेची, फोन तुम्ही करा ना."

"माझ्या हातात कात्री आहे, पोरी. बदलायची का कामं?"

लिंटाला बदलायची नव्हती. तिने फोन लावला. डॉक्टर समोरच्या गल्लीत भाचीच्या साखरपुड्याला, पानावर बसलेले.

"हं."

"सर, कार्त्यायनी अम्मा, सकाळचं थायरॉइड. मान सुजतेय, आवाज बसलाय. तुम्ही या."

पलीकडून, जेवून येतो, असं काहीसं आलं असावं, कारण लिंटाचा चेहरा उतरला. तिने चेचींकडे पाहिलं. चेची पेशंटकडे पाहत होत्या.

"नाही सर. जेवून नाही, आत्ता. चेची कात्री घेऊन उभ्या आहेत."

डॉक्टर आले ते नेसलेल्या पांढऱ्या मुंडूवर, लुंगीवर, बिर्याणीचा डाग घेऊनच. कार्त्यायनी अम्मा तडक ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, रक्त काढलं, वाहणारी शीर बांधली. संध्याकाळी ती खुणांनी लेकीला रागावत होती. डॉक्टरांनी वॉर्डात येऊन विचारलं, फोन कुणी केला होता? लिंटा उभी राहिली.

"दोनदा सर म्हणालीस. एकदा पुरतं," एवढं बोलून ते गेले.

लिंटा चेचींच्या टेबलाशी गेली. चेची पुढच्या ड्युट्या लावत होत्या. तिने रविवारची सुटी मागितली. चेची नाही म्हणाल्या.

"मला हवीच आहे, चेची. मी शिवायला येत नाही हे घरी अम्माला सांगायचंय. ते फोनवर सांगण्यासारखं नाही."

सुटी मिळाली.