एकतिसाव्या कलमाची जागा

आपल्या संविधानातून एखादं कलम काढलं तरी त्याचा आकडा दुसऱ्या कलमाला देत नाहीत. नवं आलं तर शेजारच्या आकड्याला ‘क’ जोडून त्याला बसवतात. वाचनालयात आमच्या बायपासविरोधी पत्रकासाठी संविधानाची पानं चाळताना एकतिसावं कलम दिसलं. नुसता आकडा, पुढे ‘निरसित’, म्हणजे रद्द. मालमत्तेचा मूलभूत हक्क इथे होता.

शेजारी शांतामावशी बसल्या होत्या. त्यांचं शेत बायपासमध्ये जातंय, ना नोटीस ना मोबदला.

“सापडलं का रे माझं शेत?”

“मावशी, हा हक्क इथून उठवून तीनशे-क मध्ये बसवलाय. तिथे तो मूलभूत नाही, साधा आहे.”

“का उठवला?”

“जमीनदारांच्या जमिनी कुळांना देताना आडवा यायचा.”

मावशी हसल्या. “माझ्या सासऱ्यांना कूळ म्हणूनच मिळालं हे शेत. आता जमीनदार मी का?”

तो हक्क उठवणारी घटनादुरुस्ती चुकीची नव्हती. तिच्याआड लपून मावशींचं शेत उचलणारे चुकीचे आहेत.

“त्या तीनशे-क मध्ये काय लिहिलंय?”

“कायद्याशिवाय कुणाची मालमत्ता घेता येणार नाही.”

“मग तेच छाप. मोठ्या अक्षरात.”

छापलं. पुस्तकात एकतीस अजून तसाच आहे, घर पाडल्यावर उरलेल्या जोत्यासारखा.