मिठाच्या पाण्याचे उंदीर

कापसाचे दिवस खराब होते तेव्हाची गोष्ट. कापसाची सरकी काढायची जिनिंग बंद पडली, आमच्या घरच्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, काम गेलं, आणि मी यवतमाळच्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात उंदरांच्या खोलीत कामाला लागले. उंदीर म्हणजे आपल्या घरातले नाहीत बरं का! पांढरे शुभ्र, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. त्यांचा भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खाण्याच्या गोळ्या टाकायच्या. मी चौथी शिकलेली, पण पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या पाहून पाहून इंग्रजी अक्षरंही ओळखू लागले. त्या खोलीचा तो उबट वास आठवला की मला अजून बरं वाटतं. हसायचं तर हसा.

तिथं नेर गावाकडची एक शेतकऱ्याची पोर शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रयोग दारूचा. तीन आठवडे उंदरांना गोड पाण्यातून दारू पाजायची आणि मग एकाएकी बंद करायची. दारू तुटली की ते थरथरत, जरा खुट्ट झालं की दचकत. मग त्यांना घबराट कमी करायचं औषध टोचायचं आणि पाहायचं. पाहायचं कसं, तर बेरजेच्या खुणेसारखी एक लाकडी फळी होती, पायांवर उंच उभी केलेली. तिच्या दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर भिंतीत दडून बसतो, जीव थाऱ्यावर असलेला उघड्यावर येऊन खाली डोकावतो. काही पिंजऱ्यांना औषध द्यायचंच नाही, नुसतं मिठाचं पाणी टोचायचं. म्हणजे औषधाचा फरक कळतो.

पोरीला घाई होती. त्या साली कापसानं दगा दिलेला. वडिलांनी बजावलं होतं, होळीच्या आत प्रबंध देऊन मोकळी हो, नाही तर पुसदचं स्थळ तयार आहे.

आता माझी चूक सांगते. आमच्या घरच्यांनी दारू सोडली तेव्हा तेही असेच थरथरत होते. मी आपली म्हणत राहिले, "नाटकं नका करू जी." शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मलाच रागावले, इतक्या उशिरा आणलं म्हणून. ते माझ्या मनाला फार लागलं होतं. इथं ते उंदीर थरथरताना पाहिले, आणि ज्यांच्या चिठ्ठीवर मिठाचं पाणी लिहिलेलं त्यांना तर औषधही नाही! मग काय, पोरगी जेवायला गेली की मी त्यांना एकेक करून पदरात घ्यायची, कानामागे बोटानं चोळायची, गोष्टी सांगायची. रोज.

फळीवर सोडायचा दिवस आला. पोरगी ओरडली, "मावशी, हे पहा ना! मिठाच्या पाण्याचेच उंदीर उघड्यावर फिरून राह्यले. माह्यं औषध फुकट गेलं!" आणि स्टुलावर बसून रडायलाच लागली.

मी गप्प राहू शकत होते. कोणी पाहिलं नव्हतं, आणि घरात माझीच एक नोकरी होती. पण ते रडणं काही पाहवेना.

"पोरी, त्यायले मी पदरात घेत होती व."

"कायले?"

"थरथरत होते म्हणून."

"थरथरलेच पाह्यजे होते ना ते, मावशी!"

दोन दिवस तिनं मला पिंजऱ्यांना हात लावू दिला नाही. बाटल्यासुद्धा स्वतः भरल्या. तिला शिकवणाऱ्या सरांच्या कानावर गेलं, ते म्हणाले, "बाई, तुम्हाला उंदरं सांभाळायला ठेवलं होतं, पाळणा हलवायला नाही." ते दुसरं माणूस आणणार होते. तेव्हा हीच मध्ये पडली, "नको सर. नवा हात लागला की सगळेच बिचकतील. मावशीच असू द्या."

नवे उंदीर आले. तिनं चिठ्ठ्या काढून नुसते आकडे लावले, कोणाला काय टोचते ते मला सांगितलं नाही. प्रत्येकाला घड्याळ लावून दोन मिनिटं हातात घ्यायचं, कमी नाही की जास्त नाही.

"अन् बोलायचं नाई, मावशी."

"एक शब्दबी?"

"एकबी नाई."

माझ्यासारखीला ही शिक्षाच की हो! पण पाळली. संक्रांतीलाही पोरगी घरी गेली नाही.

या खेपेला मिठाच्या पाण्याचे उंदीर भिंतीतच दडले आणि औषधाचे उघड्यावर आले. पोरीनं मला मिठीच मारली. मला आनंद झाला, पण राहवेना. "मंग मी धरलं, त्याचा काहीच उपयोग नाई झाला का व?"

"झाला ना. पण सगळ्यायले सारखाच झाला. थरथर मात्र औषधानंच थांबली."

मग म्हणाली, "आज तुमी लवकर घरी जा." प्रयोगानंतर ते उंदीर जिवंत ठेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी चपला घातल्या.

होळीच्या चार दिवस आधी प्रबंध गेला. तिला न्यायला वडील आले ते नाकाला दुपट्टा लावून दारातच उभे.

"तुमीच का त्या, उंदरं बिघडवनाऱ्या?"

"मीच जी. पुसदच्या पाहुण्यायचं काय केलं मंग?"

त्यांनी दुपट्टा खाली घेतला. "आता पोरगी म्हनते, नोकरी करीन. म्हटलं, कर."

पोरगी पुढे आणि तिची पेटी घेऊन बाप मागे, असे दोघं नेरच्या गाडीला गेले. मी पिंजरे धुवायला घेतले.