येऊन राहिली

"येऊन राहिली ना मी, काहून बोंबलता व?" खालच्या वळणावरून असा आवाज आला की समजायचं, काकू अजून अर्धी टेकडी खाली आहेत. मग आम्ही निवांत बुटांतले खडे काढत बसायचो.

मी मूळची पुण्याची. नवऱ्याच्या बदलीमुळे अमरावतीत आले, त्याच आठवड्यात समोरच्या घरातल्या या काकूंनी फोनवर सांगितलं, "येऊन राहिली." दार उघडून पाहते तर कुणी नाही. 'येऊन राहिली' म्हणजे आली आणि मुक्कामाला राहिली, हा आमच्याकडचा अर्थ. मी गल्लीत विचारत सुटले, काकू कुणाकडे राहायला गेल्या म्हणून. त्या तीन घरांपलीकडे कुणाशी तरी गप्पा मारत उभ्या होत्या, हातात झाकलेली वाटी. "अव बाई, येऊन राहिली म्हंजे रस्त्यात हाय मी." पुढे महिनाभर माझी ही फजिती त्यांनी कॉलनीभर वाटली.

शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या काकू आमच्या चौघींच्या पुढारी. उरलेल्या दोघी म्हणजे मंगलताई आणि पार्लरवाली फरजाना. दर हिवाळ्यात एका रविवारी चिखलदरा गाठायचं, एका चहाच्या टपरीपासून निघायचं, चार टेकड्या चढून-उतरून गोल फिरून त्याच टपरीवर यायचं. काकू त्याला 'फेरा' म्हणत. पुढारी असूनही चालताना त्या कायम शेवटी.

उशीर गुडघ्यामुळे होतो, असं त्या सांगत. निम्मा उशीर जिभेमुळे होता. वाटेत गुराखी दिसला की "सून बरी हाय ना रे?" विचारल्याशिवाय पाऊल पुढं पडत नसे. त्यात खांद्याला वरूडच्या संत्र्यांची पिशवी.

"काकू, इतकं वजन कायले उचलता?" फरजाना दरवर्षी विचारायची.

"वर गेल्यावर समजन तुले."

आणि वर गेल्यावर सगळ्यात जास्त संत्री फरजानाच खायची.

तिसऱ्या टेकडीशी मात्र गुडघा संप पुकारायचा. तिथून सडक जवळ. काकू काळीपिवळी जीपला हात करायच्या. आम्ही चौथी टेकडी उतरून टपरीवर यावं, तर या भज्यांची प्लेट संपवून बसलेल्या. चौथी टेकडी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलानं पुण्यात मोठा फ्लॅट घेतला आणि आईला तिकडेच न्यायचं ठरवलं. निघण्याआधीच्या रविवारी काकू म्हणाल्या, "यंदा जीप नाही. फेरा अर्धा ठेवून मले जाचं नाही." गुडघा आदल्या दिवसापासून सुजला होता. मला तर धडकीच भरली.

तिसऱ्या टेकडीखाली जीप आली आणि सवयीनं थांबली. "बसा काकू," ड्रायव्हर म्हणाला. काकूंनी जीपकडे बराच वेळ पाहिलं. "जाय बाप्पा तू," म्हणाल्या, आणि संत्र्यांची पिशवी मुकाट्यानं मंगलताईंच्या हातात दिली. तेव्हा कळलं, किती दुखत होतं ते.

चौथ्या चढावर आम्ही तिघी मुद्दाम मागे राहिलो. पाय घसरलाच तर धरता यावं म्हणून. त्या बसत, उठत, गुडघ्याला शिव्या देत चढल्या. शेवटी वरून आवाज आला, "या ना व लवकर, काय करून राहिल्या तिथं?"

आम्ही तिघींनी खालून एका सुरात ओरडून सांगितलं, "येऊन राहिलो!"

वर पोहोचलो तर काकू हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. "मले काय समजत नाही, काहून मागं राहिल्या ते?" म्हणाल्या आणि प्रत्येकीला एकेक संत्रं सोलून दिलं.

त्या आठवड्यात ऑटोत बसताना त्यांनी माझा हात धरला. "जाऊन राहिली बरं मी." वऱ्हाडीत याचा अर्थ एवढाच की निघाले. माझ्या पुणेरी कानांना मात्र 'गेली आणि तिकडेच राहिली' असं ऐकू आलं, आणि मला रडूच फुटलं. मी पुण्याची इथे येऊन राहिले, आणि काकू माझ्या पुण्यात जाऊन राहिल्या.

यंदाचा फेरा आम्ही तिघींनीच केला. टपरीवर मी सवयीनं चार चहा सांगितले. टपरीवालीनं इकडेतिकडे पाहिलं. "चौथ्या बाई कुठं हायेत?"

मंगलताई माझ्याकडे बघायला लागल्या.

"येऊन राहिली," मी म्हणाले.

टपरीवालीनं मान डोलावली आणि चौथ्या कपावर बशी झाकून ठेवली.