मोटारीची चाल

लोखंडाला सुटलेला कंप आधी तळहाताला कळतो, कानाला मागाहून. बाबांच्या जुन्या काळ्या मोटारीचं स्टिअरिंग हातात धरलं, की तो कंप मनगटातून कोपरापर्यंत चढत जाई आणि गाडीतून उतरल्यावरही कितीतरी वेळ बोटांत रेंगाळत राही. वेग थोडा वाढला, की पुढची दोन्ही चाकं हुडहुडी भरल्यासारखी थडथडू लागत; वेग उतरला, की जणू काही झालंच नव्हतं अशी शांत होत. असं का व्हावं? ही थरथर नेमकी कुणाची, चाकाची, रस्त्याची, की धरणाऱ्याची? मला भलत्या गोष्टींची चौकशी करण्याची खोड जन्मापासूनची आहे. शाळेत मुलींना विज्ञान शिकवायला लागल्यावर तर त्या खोडीला प्रतिष्ठाच मिळाली.

बाबा दातांचे डॉक्टर. नगरला आमच्या ओसरीवर त्यांची पाटी होती खरी, पण त्यांचा जीव रमे तो आठवडी बाजारांत. काष्टी, मिरजगाव, घोडेगाव असा त्यांचा फेरा ठरलेला. डिकीत घडीची खुर्ची, स्टोव्ह आणि हत्यारांची पेटी. हत्यारं दोनदा उकळल्याशिवाय समाधान न होणारा हा माणूस मोटारीशीही तितक्याच निष्ठेनं वागे. रविवारी प्रार्थनेहून आले, की बाह्या सारून गाडीखाली शिरत, चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानदार पाट्यांमध्ये अडकलेली माती खरवडून काढत, आणि नवं ग्रीस इतकं दाबून भरत, की जुनं, काळंठिक्कर ग्रीस फटीफटीतून बाहेर येई. पण स्टिअरिंगचा विषय काढला, की त्यांचं उत्तर एकच, "चालतंय ना? मग राहू दे." इतक्या काटेकोर माणसानं एवढा एक दोष का जपून ठेवावा? मी त्याला म्हातारपणाचा हट्ट समजत होते, आणि त्यांना तसं चिडवतही होते.

बाजारात पोचल्यावर बाबा लगेच कामाला लागत नसत. दोन्ही हात एकमेकांवर चोळत झाडाखाली बसत आणि म्हणत, "गाडीनं हात पार आंबवले." मग गाल सुजलेला एखादा शेतकरी, कळ विसरून, आपणहून म्हणे, "च्या घ्या डाक्टर. हात निवू द्या. आमाला काय घाई न्हाई." घटकाभर सगळे मिळून त्या मोटारीला नावं ठेवत. नंतर चिमटा हातात आला, की बाबा उजव्या मनगटाला डाव्या हाताचा टेकू देऊन काम करीत. मी ते पाहिलं होतं. पण पाहणं आणि ध्यानात येणं यांत केवढं अंतर असतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना फोडलेल्या खडीचे ढीग लागले होते आणि मोटारीची थरथर असह्य झाली होती. मे महिन्यात बाबा तापानं आठवडाभर अंथरुणावर पडले. ती संधी साधून, त्यांना न विचारता, मी मोटार हळूहळू घोडेगावच्या रावजी मिस्त्रींकडे नेली. रावजींचे वडील बैलांचे व्यापारी, त्यामुळे रावजींची तपासणीही तशीच. झाकण उघडायच्या आधी ते मला म्हणाले, "ताई, बाजारतळावर आना हिला. चालवून दावा." बाजाराचा दिवस नव्हता. रिकाम्या तळावर पावलाच्या वेगानं मी मोटार चालवली, आणि रावजी मागून चालत आले, बैल विकत घेताना त्याची चाल न्याहाळावी तसे. मग धुळीत उमटलेल्या चाकोरीशी उकिडवे बसून त्यांनी सांगितलं, "डाव्या पुढच्या पायात लंगडतीय. खुंटा झिजलाय."

खुंटा म्हणजे किंगपिन, ज्याच्याभोवती पुढचं चाक वळतं तो लोखंडी दांडा. रावजींनी तो काढून माझ्या हातावर ठेवला. एका अंगानं झिजून त्याला बोटाला जाणवेल इतकी कंबर आली होती. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तो खुंटा मुळात ताठ उभा बसवतच नाहीत, किंचित कललेला असतो, आणि वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ होतं ते त्या कलण्यामुळेच. सरळ जाण्यासाठी आत कुठेतरी थोडं कललेलं असावं लागतं, हे मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. रावजींनी खुंटे बदलले, स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे बदलले, स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना नवे बुश घातले. मी रोज एसटीनं जाऊन पाहत बसे आणि प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडी.

बाबा हिंडूफिरू लागले तशी मी त्यांना एसटीनं घोडेगावला घेऊन गेले. काय केलं ते वाटेत सांगितलं. ते रागावले नाहीत. खिडकीबाहेर पाहत राहिले. तळावर आधी रावजींनी स्वतः मोटार चालवून दाखवली. मागे उमटलेली चाकोरी दोरी ताणून आखावी तशी सरळ. मग बाबा बसले आणि त्याच चाकोरीच्या शेजारून त्यांनी मोटार नेली. रावजी सवयीनं मागून चालू लागले, मी त्यांच्या बरोबर. वीस-पंचवीस पावलांवर ते थबकले. बाबांची चाकोरी बारीक बारीक थरथरत गेली होती, एकसारखी, शेवटपर्यंत. जुन्या, ढिल्या स्टिअरिंगनं त्यांच्या हातांचं जे इतकी वर्षं पोटात घातलं होतं, ते नव्या, घट्ट स्टिअरिंगनं जसंच्या तसं चाकांपर्यंत पोचवलं होतं.

रावजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मोटार पुढे वळत होती तेवढ्यात ते पाय घासत उलट चालत आले आणि बाबांची चाकोरी त्यांनी चपलेनं पुसून टाकली. बाबा उतरले, तळाकडे पाहिलं. रावजींची चाकोरी होती, त्यांची नव्हती.

"रावजी, माझी कुठं गेली?"

"गुरं गेली वरनं, डाक्टर."

त्या उजाड तळावर एक शेळीसुद्धा नव्हती. बाबा थोडा वेळ रावजींच्या धुळीनं माखलेल्या चपलेकडे पाहत राहिले. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काम चोख केलंत." तो खांद्यावरचा हात हलत होता, आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही.

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि आजवर कधी बसले नव्हते त्या डावीकडच्या जागेवर जाऊन बसले. मी मोटार नगरच्या रस्त्याला लावली. मग तेच म्हणाले, "काष्टीला निरोप धाडायला हवा. पुढच्या बाजारी नवा डॉक्टर बघा म्हणावं." मी हो म्हटलं. एखाद्याचा आडोसा त्याच्या भल्यासाठी म्हणून आपण काढून टाकावा, यासारखी शरम दुसरी नाही. नगरपर्यंत स्टिअरिंग माझ्या हातात जराही हललं नाही, आणि सगळ्या वाटेत मला त्याचा राग येत राहिला.